गाडी हलकी होते, मग काम कुठे जातं?

ऑफ-रोड मोटरसायकल घ्यायची म्हणून तुम्ही जुन्या गाड्यांच्या जाहिराती चाळत असाल, तर एक गंमत लगेच लक्षात येईल. काही गाड्यांखाली लिहिलेलं असतं, ‘४,००० मैल चालली’. काहींखाली मैलांचा पत्ताच नसतो, तिथे लिहिलेलं असतं, ‘६० तास’. दोन्ही गाड्या दिसायला जवळपास सारख्याच. उंच मडगार्ड, गाठीदार टायर, एक सिलिंडर, अरुंद सीट. मग एकीचं वय अंतरात आणि दुसरीचं वय घड्याळात का मोजतात?

या एका फरकात हलक्या ट्रेल गाड्यांचा शंभर वर्षांचा इतिहास दडलेला आहे. पॉडकास्टवर आपण यंत्रांच्या शोधाबद्दल बरंच बोलतो, पण शोध लागल्यानंतर ते यंत्र रोज चालतं ठेवणाऱ्या हातांबद्दल कमी बोलतो. इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ या २००६च्या पुस्तकात नेमकी हीच तक्रार केली होती. तंत्रज्ञानाचा इतिहास आपण नव्या शोधांची यादी म्हणून लिहितो आणि दुरुस्ती-देखभाल विसरतो. ट्रेल मोटरसायकल हे त्या विसरण्याचं चांगलं उदाहरण आहे. माझं म्हणणं साधं आहे: गाडीचं वजन कमी केलं की काम वाढतं. ते नाहीसं होत नाही, कुणाच्या तरी अंगावर जाऊन पडतं. कुणाच्या, हे बघितल्याशिवाय दोन गाड्यांची तुलना होऊच शकत नाही.

सुरुवात १९१३पासून करू. त्या वर्षी इंग्लंडमधल्या कार्लाइल गावी ‘इंटरनॅशनल सिक्स डेज ट्रायल’ पहिल्यांदा भरली. सहा दिवस खराब रस्त्यांवरून, डोंगरातून, चिखलातून ठरलेल्या वेळेत गाडी न्यायची. वेग महत्त्वाचा होताच, पण या स्पर्धेचा आत्मा दुसरीकडे होता. गाडीचे मुख्य भाग खुणा करून ठेवलेले, म्हणजे ते गुपचूप बदलता येणार नाहीत. रात्री गाड्या आयोजकांच्या ताब्यात, हात लावायची परवानगी नाही. आणि जी काय दुरुस्ती करायची ती स्वाराने स्वतः, ठरवून दिलेल्या मिनिटांत. ही स्पर्धा आजही चालू आहे. १९८१मध्ये नाव बदलून ‘सिक्स डेज एंड्युरो’ झालं, पण दिवसाच्या शेवटी थकलेला स्वार गुडघ्यावर बसून घड्याळ बघत स्वतःचा टायर बदलतोय, हे दृश्य तिथे अजून दिसतं.

म्हणजे या प्रकारच्या गाडीच्या जन्मापासूनच चालवणारा आणि मिस्त्री हा एकच माणूस धरलेला होता. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता १९६४. त्या वर्षीची स्पर्धा पूर्व जर्मनीतल्या एरफुर्टला होती आणि अमेरिकेच्या संघात हॉलिवूडचा स्टीव्ह मॅक्वीन होता. संघ ट्रायम्फ गाड्यांवर आला होता. मॅक्वीनची गाडी ६५० सीसी, दोन सिलिंडर, वजन दीडशे किलोंच्या वर. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात तेव्हा अशाच जड ब्रिटिश गाड्या शर्यतीत पळायच्या. सपाट, मोकळ्या मैदानात त्या उत्तम होत्या. मॅक्वीन आणि त्याचा मित्र बड एकिन्स यांना अपघातांमुळे स्पर्धा अर्धवट सोडावी लागली, पण बडचा भाऊ डेव्ह एकिन्स सुवर्णपदक घेऊन परतला, त्यामुळे गाडी अगदीच कुचकामी होती असं म्हणता येणार नाही. तरी सांघिक विजेतेपद यजमानांकडेच राहिलं. पूर्व जर्मनीने १९६३ ते १९६७ अशी सलग पाच वर्षं ते जिंकलं, एमझेड कंपनीच्या टू-स्ट्रोक गाड्यांवर. त्या हलक्या होत्या, आणि त्यांच्यात उघडायला-बसवायला मुळात कमी भाग होते.

टू-स्ट्रोक म्हणजे काय, ते थोडक्यात. फोर-स्ट्रोक इंजिनाच्या डोक्यावर व्हॉल्व्ह असतात, ते उघडझाप करायला कॅमशाफ्ट असतो, कॅमशाफ्ट फिरवायला साखळी असते. साध्या टू-स्ट्रोकमध्ये यातलं काहीच नाही. सिलिंडरच्या भिंतीला खिडक्या असतात आणि खालीवर होणारा पिस्टनच त्या उघडतो, बंद करतो. सेट करायला टॅपेट नाहीत. बदल्यात पिस्टन आणि रिंगा लवकर झिजतात, कारण वंगण म्हणून पेट्रोलबरोबर जळणारं थोडंसं ऑइल एवढंच. पण झिजले तर चार नट काढा, हेड काढा, सिलिंडर वर उचला, नवा पिस्टन बसवा. दुपारभराचं काम, तेही घरच्या अंगणात.

१९६७च्या टोकियो प्रदर्शनात यामाहाने हे सगळं एका स्वस्त, आटोपशीर गाडीत घालून दाखवलं आणि १९६८मध्ये ती अमेरिकेत विकायला आणली. तिचं नाव डीटी-१. २५० सीसी टू-स्ट्रोक, कोरडं वजन ११२ किलो. सोमवारी तिच्यावर कामाला जा, शनिवारी डोंगरात जा. ऑइल पेट्रोलमध्ये हाताने मिसळायचीही गरज नव्हती. वेगळ्या टाकीतून पंप ते आपोआप द्यायचा. आज आपण ज्याला ट्रेल बाइक म्हणतो तिचा साचा इथे पक्का झाला.

डीटी-१ येण्याआधीच हाच प्रश्न दुसऱ्या कुणीतरी वेगळ्या बाजूने सोडवला होता, आणि तो इंजिनीअर नव्हता, विक्रेता होता. आयडाहो राज्यातल्या बॉयझी गावचे होंडाचे डीलर हर्ब उल. डोंगरात शिकारीला, मासेमारीला जाणारी गिऱ्हाइकं त्यांच्याकडे यायची. त्यांनी होंडाच्या छोट्या ५० सीसी स्टेप-थ्रू गाडीला मागे मोठं स्प्रॉकेट बसवलं, गाठीदार टायर घातले आणि विकायला सुरुवात केली. आडबाजूच्या एका गावातला खप इतका कसा, म्हणून कंपनीचं लक्ष गेलं आणि १९६१मध्ये होंडाने स्वतःच ‘ट्रेल ५०’ आणली. तिच्यातून १९६४मध्ये ‘ट्रेल ९०’ झाली आणि पुढे सीटी११०. ऑस्ट्रेलियाच्या पोस्टमनांनी ही सीटी११० कित्येक दशकं दारोदार फिरवली. तुमच्यापैकी कुणी तिकडे राहत असेल तर ‘पोस्टी बाइक’ हा शब्द माहीत असेलच.

या गाडीत कौतुकाचं काय? ताकद जवळपास नाही. पण हाताने चालवायचा क्लच नाही, पाण्याचा रेडिएटर नाही. ऑइल लिटरभरसुद्धा लागत नाही. व्हॉल्व्हची फट सेट करायची तर झाकण उघडा, स्क्रू फिरवा, नट आवळा. एक पाना, एक स्क्रूड्रायव्हर आणि फीलर गेज, बस्स. इथे कामं वारंवार करावी लागतात, पण प्रत्येक काम इतकं लहान आहे की शिकारीला आलेला शेतकरीसुद्धा ते करू शकतो. हलकेपणाची किंमत इथे कामाच्या तासांत मोजलीच नाही, ताकद सोडून दिली.

मग घड्याळ कुठून आलं? त्यासाठी दोन वळणं बघावी लागतील. पहिलं १९७८चं. अमेरिकेत रस्त्यावरच्या मोटरसायकलींना धुराचे नियम लागू झाले आणि ऑइल जाळणाऱ्या टू-स्ट्रोक गाड्या हळूहळू रस्त्यावरून हटल्या. शर्यतीच्या मैदानात आणि बंद ट्रेलवर त्या राहिल्या, पण नंबरप्लेटची गाडी फोर-स्ट्रोकच होत गेली, म्हणजे जरा जड. दुसरं वळण १९९७-९८चं. यामाहाच्या ४०० सीसी फोर-स्ट्रोक प्रोटोटाइपवर डग हेन्रीने १९९७मध्ये लास वेगासची सुपरक्रॉस शर्यत जिंकली आणि पुढच्या वर्षी तीच गाडी वायझेड४००एफ म्हणून दुकानात आली. फोर-स्ट्रोक इंजिन टू-स्ट्रोकइतकं चपळ होऊ शकतं, हे सिद्ध झालं. सगळ्या कंपन्या त्या मागे धावल्या.

चपळाई कशी आली, ते समजून घ्या, कारण घड्याळाचं उत्तर तिथेच आहे. जोरात फिरायचं असेल तर हलणारा प्रत्येक भाग हलका हवा. म्हणून पिस्टनची उंची कापली, त्याच्या बाजूच्या भिंती जवळपास काढून टाकल्या. रिंगा कमी केल्या. पोलादाऐवजी टायटॅनियमचे व्हॉल्व्ह आले. ऑइल कमी ठेवलं, कारण ऑइललाही वजन असतं. आता कमी उंचीचा पिस्टन सिलिंडरमध्ये जास्त डगमगतो, म्हणून लवकर झिजतो. थोडं ऑइल लवकर तापतं, लवकर खराब होतं. टायटॅनियम व्हॉल्व्हवरचा कठीण थर गेला की आतला धातू भराभर खचतो आणि फट बिघडते. ही फट आता स्क्रूने सेट होत नाही. कॅमशाफ्ट काढून खालच्या चकत्या बदलाव्या लागतात, त्याही शंभराव्या हिश्श्यांच्या मापाने निवडून.

म्हणून होंडाच्या सीआरएफ४५०आर या मोटोक्रॉस गाडीच्या त्या काळातल्या मॅन्युअलमध्ये चक्क लिहिलेलं होतं की पिस्टन आणि रिंगा दर ६ शर्यतींनंतर, म्हणजे साधारण १५ तासांनी बदला. ही निव्वळ शर्यतीची गाडी, ट्रेलची नव्हे, हे मान्य. पण तिच्याच घराण्यातून आजच्या हलक्या एंड्युरो गाड्या आल्या आहेत, आणि त्यांच्याही मॅन्युअलमध्ये हिशोब तासांत असतो. केटीएम ३५० ईएक्ससी-एफ घ्या. पेट्रोल न भरता वजन साधारण १०५ किलो, नंबरप्लेट मिळते, आणि हँडलवर इंजिनाचे तास मोजणारा मीटर.

आता दुसऱ्या टोकाला होंडा सीआरएफ३००एल ठेवू. वजन १४० किलोंच्या घरात. कंपनीच्या वेळापत्रकानुसार ऑइल ८,००० मैलांनी, व्हॉल्व्हची तपासणी १६,००० मैलांनी. ट्रेलवर सरासरी ताशी १५ मैल धरले, तर १५ तास म्हणजे जेमतेम २२५ मैल होतात. २२५ आणि ८,०००. दोन्ही गाड्या एकाच पायवाटेवर, एकाच पार्किंगमधून निघतील, पण त्यांच्या मालकांची घरची संध्याकाळ अगदी वेगळी असेल. (धुळीत चालवणारे शहाणे लोक होंडाचंही ऑइल फार लवकर बदलतात, पण वेळापत्रक काय गृहीत धरतं ते बघा.)

मधला रस्ता नाहीच का? दोन गाड्यांनी तो शोधला, दोघीही यामाहाच्या. पहिली १९८५ची सेरो. सेरो हा जपानच्या डोंगरातला बकरीसारखा प्राणी. २२३ सीसी, हवेवर थंड होणारं साधं इंजिन, कोरडं वजन १०२ किलो. तिच्यामागची कल्पना जपानीत ‘दोन चाकं, दोन पाय’ अशी सांगितली जायची. चढावर पाय टेकवत, ढकलत, हळूहळू जायचं. लाज वाटून घ्यायची नाही. शर्यतच नसल्यामुळे इंजिनाला जोरात फिरायची गरज नाही, म्हणून झीजही कमी. जपानमध्ये ती २०२०पर्यंत विकली गेली, ३५ वर्षं. दुसरी गाडी २००८ची डब्ल्यूआर२५०आर. अ‍ॅल्युमिनियमची चौकट, टायटॅनियमचे व्हॉल्व्ह, सगळं भरून वजन सुमारे १३४ किलो, आणि व्हॉल्व्हची तपासणी तब्बल २६,६०० मैलांनी. हे जमलं कसं? पैशाने. ती आपल्या वर्गात महाग गाडी होती, आणि २०२०नंतर अमेरिकेत बंद झाली.

म्हणजे हलकेपणाची किंमत चुकवायचे तीन मार्ग इतिहासात दिसतात: ताकद सोडा, पैसे मोजा, नाहीतर काम करा. पण काम करणारा कोण?

इथे आपल्या घरी यावं लागेल, कारण तुमच्या-माझ्या डोक्यात गाडीच्या देखभालीचं जे चित्र आहे ते महाराष्ट्रातून आलेलं आहे. आपल्याकडे ‘ट्रेल बाइक’ असं कुणी म्हटलं नाही, पण कच्च्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लटकवून जाणारी राजदूत १७५ काय करत होती? पोलंडच्या एसएचएल कंपनीच्या डिझाइनवरून एस्कॉर्ट्सने ती १९६०च्या दशकात भारतात बनवायला घेतली. टू-स्ट्रोक, जाडजूड, साधी. ती टिकली याचं श्रेय आपण गाडीला देतो. ‘तेव्हाच्या गाड्या दणकट असायच्या,’ असं काका-मामांकडून तुम्ही ऐकलंच असेल.

पण त्या वारंवार बिघडायच्याही. प्लग काळा व्हायचा, कार्बोरेटरमध्ये कचरा यायचा, बोअर करायला गाडी टाकावी लागायची. ‘गाडी मिस्त्रीकडे टाकली’ हे वाक्य आपल्या घरांत इतकं सहज बोललं जातं की त्यात एक माणूस आहे हे विसरायला होतं. फाट्यावर पत्र्याच्या शेडमध्ये बसलेला तो मिस्त्री कुठलंही मॅन्युअल न वाचता, नुसत्या आवाजावरून काय बिघडलंय ते सांगायचा. आणि त्याच्या शेजारी शाळेत असायला हवा असा एक पोऱ्या रॉकेलमध्ये हात बुडवून पार्ट धूत बसलेला असायचा. देखभाल स्वस्त होती, कारण त्या दोघांचे तास स्वस्त होते. राजदूतची खरी किंमत काढायची तर तो पोऱ्याही हिशोबात धरावा लागेल.

परदेशात आल्यावर हा हिशोब एकदम उघडा पडतो. अमेरिकेत गॅरेजचा तासाचा दर शंभर डॉलरच्या वर असणं आता नेहमीचं आहे, आणि आधुनिक इंजिनाच्या व्हॉल्व्ह तपासायला टाकी, सीट, रेडिएटर सोडवण्यात काही तास सहज जातात. इथे कामाचे तास महाग आहेत, म्हणून ते दिसतात. तिथेही ते तेवढेच लागत होते.

आणि काम करणारा कुणीच नसेल तर काय होतं, याचंही उदाहरण आहे. यामाहाची एजी१०० ही शेतावरच्या कामासाठी बनवलेली गाडी आहे. छोटं टू-स्ट्रोक इंजिन, पूर्ण झाकलेली चेन, दोन्ही बाजूंना स्टँड, पुढेमागे कॅरिअर. धूळ चेनला लागूच नये ही साधी युक्ती, पण तिने किती काम वाचतं! अशा गाड्या आफ्रिकेत आरोग्य सेवकांना दिल्या जात, कारण दुर्गम गावात लस पोचवायला यापेक्षा स्वस्त वाहन नाही. तरीही कित्येक ठिकाणी वाहनं थोड्याच काळात बंद पडून उभी राहत. १९८८मध्ये ब्रिटिश पत्रकार बॅरी कोलमन आणि मोटरसायकल शर्यतपटू रँडी मामोला यांनी सोमालियात अशी बंद पडलेली वाहनं पाहिली. त्यातून पुढे ‘रायडर्स फॉर हेल्थ’ ही संस्था उभी राहिली. त्यांनी नवी गाडी शोधली नाही. त्यांनी वेळापत्रक आणलं. चालवणाऱ्या नर्सलाच रोजची तपासणी शिकवली, आणि पार्ट तुटायची वाट न बघता ठरलेल्या अंतरावर बदलायचा नियम केला. लेसोथो, झिम्बाब्वे, गांबियामध्ये हे चाललं. गाडी चालू राहिली म्हणजे लस वेळेवर पोचली.

ही १९१३ची कल्पनाच आहे, खेळाबाहेर आणलेली: चालवणाऱ्याला आपलं यंत्र ओळखता आलं पाहिजे.

आता तुमच्या खरेदीकडे येऊ. आज अमेरिकेतल्या शोरूममध्ये केटीएमच्या दोन गाड्या जवळजवळ उभ्या दिसतील. एक ती ३५० ईएक्ससी-एफ. दुसरी ३९० एंड्युरो आर. रंग तोच, नाव तेच, दुसरीचं वजन मात्र पेट्रोल न भरता १५९ किलो, पहिलीपेक्षा ५० किलोंहून जास्त. ती पुण्याजवळ चाकणला बजाजच्या कारखान्यात बनते आणि तिच्या सर्व्हिसचा हिशोब किलोमीटरमध्ये आहे. वजनाच्या आकड्याकडे बघून तिला हसणारे भेटतील. तुम्ही त्या ५० किलोंना नुसता जडपणा समजू नका. जास्त ऑइल, जाड भाग यांतून तुमच्या शनिवार-रविवारचे तास वाचणार आहेत, आणि त्यांचंच वजन तुम्ही उचलणार आहात.

म्हणून घेण्याआधी रंग आणि हॉर्सपॉवर बघून झाले की मॅन्युअलचं देखभालीचं पान उघडा. एकक तास आहे की मैल, ते बघा. व्हॉल्व्हची फट स्क्रूने सेट होते की चकत्या बदलून, ते बघा. ऑइल किती लागतं, एअर फिल्टर किती पाने लावल्यावर हातात येतो, ते बघा. फिल्टर तर धुळीच्या प्रत्येक फेरीनंतर धुवावा लागेल, कारण बारीक धूळ आत गेली की ती पॉलिश पेपरसारखी सिलिंडर घासते. मग स्वतःला विचारा, महिन्यातल्या किती संध्याकाळी मला हे करायला आवडेल? उत्तर ‘चार’ असेल तर १०५ किलोंची गाडी बेलाशक घ्या. ‘शून्य’ असेल तर जड गाडी घ्या आणि चढावर दोन्ही पाय टेकवा.

आणि हे काम पहिल्यांदा स्वतः कराल, नखांत काळं ऑइल घेऊन साबणाने हात चोळत उभे राहाल, तेव्हा कळेल की मिस्त्रीला वडील शंभर रुपये द्यायचे ते कशाचे होते. ते पुरेसे होते का, हाही प्रश्न मग पडेलच.